हळवा बटाटा, गरवा बटाटा

भाताच्या मुलखात 'हळवे' आणि 'गरवे' हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. तीन-साडेतीन महिन्यांत पदरात पडते ते हळवे भात, दिवाळीनंतरही शेतात उभे असते ते गरवे आणि या दोहोंच्या मधले ते निमगरवे. हळव्याचा उतारा कमी असतो, पण पावसाने लवकर पाठ फिरवली तरी घरात चार दाणे येतात. गरव्याचा उतारा जास्त, मात्र ते शेवटपर्यंत तगले तरच. म्हणून शहाणा शेतकरी दोन्ही थोडे थोडे लावतो.

ब्रिटनमध्ये घरामागच्या तुकड्यात बटाटे लावणारी माणसेही बटाट्याच्या वाणांचे असेच तीन गट पाडतात. दहा-बारा आठवड्यांत काढणीला येणारे पहिले हळवे, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येणारे दुसरे हळवे आणि पंधरा ते वीस आठवडे घेणारे मुख्य पीक, म्हणजे आपल्या भाषेत गरवे. ज्याने आजवर कधी कुदळ हातात धरलेली नाही अशा नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो तो हाच : आधी हळवा बटाटा लाव.

त्याची रीत अगदी सोपी आहे. फेब्रुवारीत कोंबडीच्या अंड्याएवढे बेणे आणायचे. अंडी ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जास्त डोळ्यांची बाजू वर करून ते खिडकीशी, उजेडात पण थंड जागी ठेवायचे. पाच-सहा आठवड्यांत त्याला आखूड, जाडसर, हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारात ठेवले तर लांब, पांढरे, लेचेपेचे कोंब येतात आणि हात लागताच मोडतात. मार्चअखेरीस सरीत वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर एकेक बटाटा लावायचा आणि वर चार बोटे माती ओढायची. पाला वाढेल तसतशी भर द्यायची. भर दिल्याने कोवळ्या कोंबांचे रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीपासून रक्षण होते आणि कंद उघडे पडून हिरवे होत नाहीत. (हिरव्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असते.) जूनच्या अखेरीस रोप फुलावर आले की एका टोकाने उकरायला सुरुवात करायची.

ही कृती इतकी सरळ दिसते की बटाटा युरोपात गेल्यापासून लोक हेच करत आले असावेत असे वाटेल. तसे झाले नाही. सन १६०० मध्ये कुणी याच खिडकीत, याच मातीत, याच तारखांना बटाटा लावला असता तर जूनअखेर त्याला काय मिळाले असते? भरघोस पाला, छान फुले आणि मातीखाली नुसती मुळे. मग युरोपात बटाटा हळवा कधी झाला? कसा झाला? आणि तो हळवा असण्या-नसण्याने कुणाचे काय बिघडले? या प्रश्नांची नीट उत्तरे मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

परक्या आकाशाखाली

बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. पेरू, बोलिव्हियाच्या उंच पठारांवर माणूस काही हजार वर्षांपासून तो पिकवत आला आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तो अटलांटिकपलीकडे नेला. १५६७ साली कॅनरी बेटांवरून अँटवर्पला पाठवलेल्या मालाच्या नोंदीत बटाटा आहे. १५७३ साली स्पेनमधील सेव्हिल शहरातल्या एका रुग्णालयाने तो विकत घेतल्याची नोंद आहे आणि ती खरेदी वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली आहे. हे महिने लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील. १५८८ साली व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याच्या हाती दोन कंद आले. त्याने ते लावले आणि १६०१ मध्ये आपल्या ग्रंथात या वनस्पतीचे सविस्तर वर्णन केले.

तरीही पुढची दीड-दोनशे वर्षे युरोपच्या बऱ्याचशा भागात बटाटा ही बागेतली एक गंमतच राहिली. याची नेहमी सांगितली जाणारी कारणे म्हणजे लोकांचा संशय, हे खाल्ले की कुष्ठरोग होतो अशी भीती आणि धर्मग्रंथात नाव नसणे. ती खोटी नाहीत. पण त्यांच्यामागे एक साधे कारण होते, ते शेतातले. बटाटा तिथे वेळेवर कंदच धरत नव्हता.

वेळेवर म्हणजे काय, हे समजण्यासाठी पृथ्वीचा गोल हाती घ्यावा लागेल. पेरूमधील कुस्को शहर विषुववृत्तापासून साडेतेरा अंश दक्षिणेला आहे. तिथे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपासच असतो. लंडन साडेएक्कावन्न अंश उत्तरेला आहे. तिथे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. बारा तासांचा दिवस यायला तिथे २२-२३ सप्टेंबर उजाडावा लागतो. अँडीजमधला बटाटा दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की कंद धरतो. युरोपात तो उन्हाळाभर पाला वाढवत बसे आणि सप्टेंबर संपता संपता कंद धरायला लागे. तोवर गोठवणारी थंडी दाराशी आलेली असे. एका रात्रीत पाला काळा पडून जाई आणि मातीखाली गोट्यांएवढे कंद राहत.

सेव्हिलच्या त्या खरेदीचे महिने आता अर्थपूर्ण वाटतील. दक्षिण स्पेनमध्ये कडक थंडी उशिरा येते, त्यामुळे तिथे वर्षाच्या शेवटी का होईना, पण बटाटा मिळत होता. आयर्लंडमध्येही तेच झाले. ते बेट बरेच उत्तरेला आहे, पण समुद्रामुळे तिथला शरद ऋतू सौम्य आणि लांबलचक असतो. युरोपातल्या गरिबांचे मुख्य अन्न म्हणून बटाटा सर्वांत आधी आयर्लंडमध्ये रुजला, त्यामागे हेही एक कारण आहे.

पान रात्र मोजते

सतराव्या-अठराव्या शतकातल्या माळ्यांना 'उशीर होतो' एवढे दिसत होते. का होतो ते कळायचा मार्ग नव्हता. १९२० साली अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी एका तंबाखूच्या वाणाचे कोडे सोडवले. हे वाण उन्हाळ्यात शेतात फुलत नसे, हिवाळ्यात काचघरात मात्र फुले. त्यांनी भर उन्हाळ्यात दुपारीच ती रोपे अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायला सुरुवात केली आणि रोपे फुलली. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी 'ओळखतात' हे त्यातून सिद्ध झाले. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. १९२३ साली त्यांनीच दाखवले की बटाट्याचे कंद धरणेही असेच दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते.

म्हणजे उशिराचे कारण सापडले. पण त्यातून दुसरा प्रश्न उभा राहिला. युरोपातला आजचा बटाटा जूनच्या सोळा तासांच्या दिवसातही कंद धरतो. मग हा कुठून आला?

दोन उत्तरे, दोन पक्ष

पहिले उत्तर रशियातून आले. वाव्हिलोव्ह यांच्या लेनिनग्राडच्या संस्थेने १९२५ नंतर दक्षिण अमेरिकेत शोधमोहिमा पाठवल्या होत्या. त्यांत गेलेल्या युझेपचुक आणि बुकासोव्ह यांनी १९२९ साली मांडले की युरोपातला बटाटा अँडीजचा नाहीच. तो दक्षिण चिलीचा, चिलोए बेटाच्या परिसराचा आहे. ते बेट ४२-४३ अंश दक्षिणेला आहे. तिथले उन्हाळी दिवस पंधरा तासांचे असतात आणि तिथला बटाटा मोठ्या दिवसातही कंद धरतो. युरोपातला बटाटा त्याच्यासारखाच दिसतो. मग वेगळे काही शोधायचे कशाला?

दुसरा पक्ष इंग्लंडचा. त्याचे अध्वर्यू होते रेडक्लिफ सॅलमन. ते मूळचे डॉक्टर. क्षय झाल्याने त्यांना ते काम सोडावे लागले. हर्टफर्डशायरमधल्या बार्ली या खेड्यात विश्रांती घेत असता मेंडेलचे नियम पडताळायचे म्हणून त्यांनी १९०६ च्या सुमारास बागेत बटाटे लावायला घेतले आणि मग उरलेले आयुष्य बटाट्यालाच दिले. १९४९ साली त्यांनी बटाट्याच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे आणि पुढे जॅक हॉक्स यांचे म्हणणे असे : सोळाव्या शतकात चिलीहून युरोपात येणारे जहाज मॅगेलनच्या सामुद्रधुनीला वळसा घालून येणार. एवढ्या लांबच्या प्रवासात कंद टिकणे अवघड. आलेला बटाटा अँडीजचाच. तो युरोपात बदलला.

कसा बदलला? बटाट्याला फळेही धरतात, लहान हिरव्या टोमॅटोसारखी. त्यातले बी पेरले तर प्रत्येक रोप वेगळे निघते. कंद लावला तर मात्र आईची हुबेहूब प्रत मिळते. युरोपातल्या माळ्यांनी वेळोवेळी बी पेरले. निघालेल्या रोपांतल्या ज्यांनी थंडीच्या आधी कंद धरले त्यांचेच बेणे पुढच्या वर्षाला उरले. बाकीची गोठून गेली. माळ्याने काही ठरवलेले नसले तरी थंडी दरवर्षी निवड करत होती. चिलीचा बटाटा आला असेल तर तो १८४५ च्या रोगानंतर, नवे वाण शोधताना आला, असे हा पक्ष म्हणे.

या वादात भारताचीही साक्ष निघाली. आपल्याकडे 'फुलवा', 'दार्जिलिंग रेड राऊंड' असे जुने देशी वाण होते. युरोपातील १८४५ च्या रोगापूर्वीच ते इथे आले असावेत आणि लहान दिवसात चांगले येतात, म्हणजे ते त्या आद्य युरोपीय बटाट्याचे जिवंत अवशेष असावेत, असे मानले जाई. केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करून आलेल्या एम. एस. स्वामिनाथन यांनी १९५८ साली भारतीय वाणांच्या पुराव्यावरून आद्य युरोपीय बटाट्याच्या उगमावर निबंध लिहिला. हरितक्रांतीचे हे शिल्पकार आधी बटाट्याचे अभ्यासक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

वाळलेल्या पानांची साक्ष

निकाल लागला तो जुन्या कागदांत दाबून ठेवलेल्या पानांमुळे. युरोपातल्या वनस्पतिसंग्रहांत शतकांपूर्वी वाळवलेली बटाट्याची पाने जपलेली आहेत. चिलीच्या बटाट्याच्या हरितलवकातील डीएनएमध्ये सहसा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. अँडीजच्या बटाट्यात तो बहुधा शाबूत असतो. २००८ साली एम्स आणि स्पूनर या अमेरिकेतील संशोधकांनी १७०० ते १९१० या काळातील नमुन्यांत हा तुकडा तपासला. अठराव्या शतकात अँडीजचाच बटाटा प्रामुख्याने आढळला. चिलीच्या खुणेचा बटाटा १८११ सालच्या नमुन्यात दिसला, म्हणजे रोगाच्या तीन दशके आधी.

गंमत पाहा. आद्य बटाटा अँडीजचा हे सॅलमन पक्षाचे म्हणणे बरोबर ठरले. चिलीचा बटाटा रोगानंतर आला हे चुकीचे ठरले. आजच्या युरोपीय बटाट्यात चिलीचा मोठा वाटा आहे हे रशियनांचे म्हणणेही खरे निघाले. आणि भारतीय साक्षीदार? २००५ साली स्पूनर आणि सहकाऱ्यांनी भारतीय जुन्या वाणांचा डीएनए तपासला होता. ते अँडीजचे अवशेष नसून चिलीच्या वळणाचे निघाले. म्हणजे निष्कर्ष बरोबर होता, पण ज्या साक्षीदारावर भिस्त होती तो त्या प्रसंगी हजरच नव्हता! विज्ञानात असे घडते. म्हणूनच निष्कर्ष पटला तरी पुरावा पुन्हा तपासत राहावा लागतो.

मोडलेल्या कडीची गोष्ट

मोठ्या दिवसात कंद धरणाऱ्या बटाट्यात नेमके काय बदलले होते? २०११ मध्ये कळले की कंद धरण्याचा निरोप पानात तयार होतो आणि एका प्रथिनाच्या रूपाने खोडातून खाली उतरतो. २०१३ मध्ये त्या निरोपाचा पहारेकरी सापडला. त्याचे नाव सीडीएफ-१. हे प्रथिन पानात टिकून राहिले तर निरोपाची वाट मोकळी होते. पण दिवस मोठा असेल तर दुपार उलटल्यावर पानातली दुसरी प्रथिने त्याला पकडून नष्ट करतात आणि वाट बंद होते. अँडीजच्या बटाट्यात हेच घडते. हळव्या बटाट्यांत सीडीएफ-१ चे शेपूट तुटलेले असते. पकडायची कडी त्या शेपटावरच असते. कडी नाही म्हणून पकड नाही, पकड नाही म्हणून नाश नाही. जूनचा लांबच लांब दिवस असला तरी निरोप खाली पोचतो.

२०१९ मध्ये जुन्या नमुन्यांचे संपूर्ण जनुकीय वाचन झाले. १६५० ते १७५० या काळातल्या पानांत हे मोडके रूप सापडले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पानांत ते सापडले. मार्चमध्ये लावून जूनमध्ये बटाटा काढणारा नवशिका बागाईत आज ज्या मोडलेल्या कडीवर विसंबतो, ती युरोपात दिसू लागली ती अशी उशिरा. खिडकीतल्या कोंबांनी दोन-तीन आठवडे वाचतात, पण हळवेपणा त्या खिडकीत नसतो, तो बेण्यात असतो.

कोबीचा जुलै

ही झाली वनस्पतीची गोष्ट. माणसांच्या बाजूने पाहिले तर ती इतकी गमतीची राहत नाही.

१८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. त्यातले तीसेक लाख लोक जवळजवळ निव्वळ बटाट्यावर जगत. त्यांचे वाण होते 'लम्पर'. ओबडधोबड, पाणचट, चवीला सुमार, पण निकस जमिनीतही भरघोस येणारे. हे गरवे वाण होते. ऑक्टोबरच्या सुमारास काढायचे, खड्ड्यात मातीखाली साठवायचे आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरवायचे. जुना साठा संपलेला आणि नवा तयार नाही असे जून, जुलै, ऑगस्ट हे उपासमारीचे महिने. आयरिश लोक त्याला 'कोबीचा जुलै' म्हणत, कारण तेव्हा कोबीच्या पानांवर दिवस काढावे लागत. आपल्याकडे आषाढात कणग्या रिकाम्या होत, त्याचीच ही आठवण.

ही पोकळी हळवा बटाटा भरून काढू शकला असता. हळवे वाण आयर्लंडमध्ये होतेही. मग गरीब ते का लावत नव्हते? कारण जमीन. ज्याच्याकडे खंडाने घेतलेला एखाद-दुसरा गुंठेवारीचा तुकडा आहे, तो प्रत्येक सरीतून मिळेल तेवढे अधिक वजन काढणार. हळव्याचा उतारा कमी आणि तो साठवणीत टिकत नाही. हळव्या बटाट्याची चैन ज्याच्याकडे जमीन थोडी जास्त आणि बाजार जवळ त्याला परवडे.

१८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये बटाट्याच्या पानांवर काळे डाग दिसले. ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये ते आयर्लंडला पोचले. हाच तो उशिरा येणारा करपा. 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' नावाचा बुरशीसदृश जीव तो घडवून आणतो. दमट आणि थंड हवेत तो दोन-तीन दिवसांत अख्खे शेत काळे करतो आणि मातीतले कंदही सडवतो. हळवा बटाटा तोवर बहुतेक काढून झाला होता, म्हणून तो वाचला. गरवा सापडला. गरव्यावर जगणारेही सापडले. हळवे वाण रोगाला अधिक टणक होते असे मात्र नाही. ते कित्येकदा अधिकच बळी पडतात. ते वाचले ते केवळ वेळेवर जमिनीबाहेर आल्यामुळे. प्रतिकार वेगळा आणि निसटणे वेगळे, हा फरक वर्गात जरूर समजावून सांगावा. निसटणे दरवर्षी जमतेच असेही नाही. १८४६ साली करपा जुलै-ऑगस्टमध्येच आला आणि जवळजवळ सारे पीक गेले.

पुढच्या पाच-सहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराईने मेली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. याच काळात आयर्लंडमधून धान्य आणि जनावरे बाहेर जात होती. एवढ्या मृत्यूंना एक सूक्ष्मजीव कारण झाला, पण एकाच वाणावर, एकाच हंगामावर माणसांना आणून ठेवणारी जमिनीची वाटणी त्या सूक्ष्मजीवाने केली नव्हती.

उतारावरचे ऊन

या घटनेनंतर चाळीस वर्षांच्या आतच हळव्या बटाट्याने एका बेटाचे नशीब पालटले. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर १८८० च्या सुमारास ह्यू द ला हे नावाच्या शेतकऱ्याने पाहुण्यांना दोन अवाढव्य बटाटे दाखवले. एकावर पंधरा-सोळा डोळे होते. डोळ्यागणिक तुकडे करून त्यांनी ते एका उतारावर लावले. वसंतात त्यांतल्या एका रोपाला लवकर, पातळ सालीचे, मूत्रपिंडाच्या आकाराचे बटाटे लागले. बेटावर अशी गोष्ट सांगतात. आज हे वाण इंग्लंडमधील रॉबर्ट फेन यांच्या 'इंटरनॅशनल किडनी' या वाणाशी एकच मानले जाते. 'जर्सी रॉयल' या नावाने ते प्रसिद्ध आहे.

यातला खरा चमत्कार उताराचा आहे. जर्सी ४९ अंश उत्तरेला आहे. फेब्रुवारीअखेर तिथे दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३३ अंश वर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरपे पडून पसरते. दक्षिणेकडे २५ अंश उतरणाऱ्या जमिनीवर तेच ऊन ५८ अंशांनी पडते. दोन्ही कोनांच्या ज्या काढून भागल्या तर उतारावर दर चौरस मीटरला सुमारे दीडपट ऊन मिळते असे दिसेल. दहावीचे विद्यार्थी हे गणित सहज करतील. भोवती समुद्र असल्याने कडक थंडी कमी, खताला समुद्रशेवाळ फुकट आणि बेणे आधीच खोक्यांत कोंब फुटलेले. अशा रीतीने काही आठवडे मिळवले की लंडनच्या बाजारात पहिल्या बटाट्याला चढा भाव मिळे. आयर्लंडमध्ये उशीर म्हणजे मरण होते, जर्सीत लवकर म्हणजे पैसा झाला.

आपल्याकडे उलटा पेच

भारतात बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, असे आपला शब्दच सांगतो. 'बटाटा' हा पोर्तुगीज शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरचा आणि रताळ्याचा. मराठी, कोकणी, गुजरातीने तो उचलला. उत्तरेने 'आलू' म्हटले.

इथे पेच नेमका उलटा होता. उत्तर भारताच्या मैदानात बटाटा हिवाळ्यात घेतात. तेव्हा दिवस दहा-अकरा तासांचा असतो. युरोपात मोठ्या दिवसासाठी तयार झालेली हळवी वाणे इथे आणली की त्यांना कंद धरण्याची मुभा पहिल्या दिवसापासूनच मिळे. पाला पुरेसा वाढायच्या आधीच ती कंद धरत. लहान रोप आणि थोडे कंद, असा अतिलवकरचा तोटा होई. अँडीजचा बटाटा युरोपात फार उशीर करत होता, युरोपचा बटाटा भारतात फार घाई करत होता. वाण एका अक्षांशावर उत्तम म्हणजे सगळीकडे उत्तम असे नसते.

म्हणून इथले वाण इथेच घडवणे भाग होते. १९४९ साली पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९५६ मध्ये ती सिमल्याला हलली. सिमल्याजवळच्या कुफरी या उंच ठिकाणी उन्हाळ्याच्या मोठ्या, थंड दिवसांत बटाटा भरपूर फुलतो आणि फळतो, त्यामुळे संकर करता येतो. मैदानात बहुतेक वाण नीट फुलतच नाहीत. आपल्या वाणांच्या नावामागे 'कुफरी' असते ते यामुळे. १९६८ साली आलेला 'कुफरी चंद्रमुखी' हा असाच आपला हळवा बटाटा, ८०-९० दिवसांत येणारा.

बेण्याचा प्रश्न उरला होता. कंद ही आईची प्रत असल्याने आईचे विषाणुरोगही त्यात उतरतात. हे विषाणू मावा पसरवतो. म्हणून बेणे थंड डोंगरातूनच आणावे लागे आणि ते अपुरे पडे. डॉ. पुष्करनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा जवळजवळ नसतो. त्यांनी रीत बसवली : निरोगी बेणे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात लावा, दर शंभर पानांवर वीस मावा-किडे होण्याआधी, म्हणजे साधारण जानेवारीच्या सुरुवातीला, पाला कापून टाका, साल पक्की झाली की कंद काढा. पाला हिरवागार असताना कापायला हात धजत नाही आणि उताराही घटतो. पण विषाणू पानातून कंदात उतरण्याआधीच वाट तुटते. हे पुन्हा निसटणेच, पण योजून आणि मोजून केलेले. या रीतीमुळे पंजाबसारख्या मैदानी प्रदेशात निरोगी बेणे तयार होऊ लागले. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात येणारे आणि आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळ्याच्या तोंडी लावले जाणारे बेणे मुख्यतः तिकडूनच येते. आणि भारत आज जगात चीनखालोखाल बटाटा पिकवणारा देश आहे.

शाळेच्या वाफ्यात

ही सगळी गोष्ट शाळेच्या आवारात पाहता येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोंब फुटू लागलेले वीस-पंचवीस बटाटे घ्या. निम्मे उजेडात, निम्मे खोक्यात अंधारात पंधरवडाभर ठेवा आणि कोंबांची लांबी, जाडी, रंग यांची नोंद करा. (उजेडात हिरवे झालेले बटाटे लावण्यासाठीच वापरावेत, खाऊ नयेत.) मग सरी-वरंब्यावर किंवा माती भरलेल्या गोणीत ते लावा. मोठे असतील तर प्रत्येक तुकड्याला दोन तरी डोळे ठेवून कापा. लावण्याची तारीख, उगवण्याची तारीख आणि त्या दिवसाचे सूर्योदय-सूर्यास्त पंचांगातून लिहून ठेवा. साठाव्या, पंचाहत्तराव्या आणि नव्वदाव्या दिवशी तीन-तीन रोपे उकरा आणि कंद मोजा, वजन करा.

साठाव्या दिवसाचे वजन आणि नव्वदाव्या दिवसाचे वजन शेजारी शेजारी मांडले की फळ्यावर एक प्रश्न लिहिता येईल : तुमच्या घरचे धान्य आजच संपले असेल, तर तुम्ही बटाटे कधी काढाल? मुलांना उत्तरे देऊ द्या. लम्पर लावणाऱ्या आयरिश शेतमजुराला हा प्रश्न दर जुलैत पडत होता.